वखारवाल्याला पुन्हा कर्ज हवंय

अमेरिकेच्या वायव्य भागात, एका मोठ्या शहराच्या वाढत्या उपनगरात, लाकडाची वखार चालवणारे एक सज्जन गृहस्थ राहतात. माणूस कष्टाळू, काटकसरी, घरी साधेपणानं राहणारा. धंदा जोरात, गिऱ्हाईक वाढतंय, दर वर्षी नफा होतोय, आणि तरीही त्यांना बँकेकडून कर्ज हवं आहे. १९९१ साली त्यांचं नाव मार्क बटलर होतं. १९९६ साली ते कीथ क्लार्कसन झाले, आणि २००४च्या सुमाराला कार्टराइट. आकडे थोडे फुगले, पण वखार तीच आणि तंगीही तीच. बटलर असोत की क्लार्कसन, धंदा मेहुण्याबरोबर भागीदारीत सुरू झालेला असतो आणि आपली त्यांची गाठ पडण्याच्या थोडं आधी त्या मेहुण्याला पैसे देऊन बाजूला केलेलं असतं. मेहुण्याला वगळणं किती महागात पडतं, हे हार्वर्ड बिझनेस स्कूलनं इतक्या सातत्यानं का सांगावं, याचं संशोधन अजून झालेलं नाही. कॉर्पोरेट फायनान्स शिकणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या या गृहस्थांच्या ताळेबंदावर रात्री जागवतात, सकाळी वर्गात हात वर करून ‘द्यावं’ किंवा ‘देऊ नये’ असं ठामपणे सांगतात आणि जेवायला जातात. वखारवाल्यांचा अर्ज मात्र तीस वर्षांहून अधिक काळ पडून आहे. एखाद्या सहकारी बँकेत असं झालं असतं तर एव्हाना प्रशासक नेमला गेला असता.

चेष्टा करण्याआधी एक मान्य करायला हवं की हार्वर्डनं वर्गासाठी लिहिलेली ही केस फार चांगली आहे. १९८८ ते १९९० या काळात बटलर यांची विक्री सुमारे १७ लाख डॉलरवरून २७ लाखांवर गेली. १९९० सालचा नफा ४४ हजार डॉलर. आणि गल्ल्यात पाहावं तर खडखडाट. पैसा गेला कुठे? अर्धा वखारीत ओंडके होऊन पडला आहे आणि अर्धा गिऱ्हाइकांच्या नावावर उधारी होऊन बसला आहे. विक्री वाढली की ओंडकेही वाढतात, उधारीही वाढते, आणि त्यांच्यामागे धावताना नफा दमून जातो. लाकूड पुरवणारे व्यापारी म्हणतात, दहा दिवसांत पैसे द्या, २ टक्के सूट घ्या. नाहीतर महिन्याभरात पूर्ण रक्कम भरा. बटलर यांच्याकडे दहा दिवसांत द्यायला पैसे नाहीत, म्हणून ते सूट सोडतात. दोन टक्के म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. पण ९८ रुपये वीस दिवस जास्त वापरायला मिळावेत म्हणून २ रुपये मोजायचे आणि हे वर्षभर करत राहायचं, तर साधा हिशेब केला तरी व्याजाचा दर वर्षाला ३७ टक्क्यांच्या घरात जातो. एवढा दर सांगताना गावचा सावकारसुद्धा इकडेतिकडे बघून घेईल. हेच गणित पाठ्यपुस्तकात सूत्र म्हणून येतं तेव्हा विद्यार्थी ते परीक्षेपुरतं सांभाळतो. वखारीच्या निमित्तानं भेटतं तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की नफा वेगळा, रोकड वेगळी, आणि उत्तम चाललेला धंदाही वाढता वाढता बुडू शकतो. पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराला हे मिसरूड फुटण्याआधीच कळलेलं असतं, पण त्याला मानधन देऊन शिकवायला बोलावणारं मॅनेजमेंट कॉलेज अजून निघायचं आहे.

तेव्हा केस स्टडी या प्रकाराशी वैर नाही. तक्रार एकच आहे आणि ती जरा मुळाशी जाणारी आहे: ही केस निकाल लागण्याआधी उठते. पद्धत मुळात वकिलांची. हार्वर्डच्या कायदा विद्यालयात क्रिस्टोफर लँगडेल यांनी ती १८७०च्या दशकात रुजवली. नुसते नियम पाठ करू नका, खऱ्या खटल्यांचे निवाडे वाचा आणि त्यातून तत्त्व शोधा, असं त्यांचं म्हणणं. हार्वर्डचं बिझनेस स्कूल निघालं १९०८ साली. १९१९मध्ये वॉलेस डोनम त्याचे डीन झाले. ते स्वतः कायदा शिकलेले, त्यामुळे त्यांनी शेजारच्या विद्यालयाची रीत आपल्याकडे आणली. १९२१ साली लिहिलेली जनरल शू कंपनीची केस ही तिथली पहिली, आणि ती अवघी एका पानाची. कारखान्यातले कामगार सुटीच्या बऱ्याच आधी काम थांबवतात, असा तिचा विषय. (हा प्रश्न शंभर वर्षांनंतरही टवटवीत आहे, यावरून व्यवस्थापनशास्त्राची प्रगती मोजायचा मोह आवरायला हवा.) १९६१ साली अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्यानं उभं राहिलं आणि पद्धत आपल्याकडे आली. पण कायद्याच्या वर्गातून धंद्याच्या वर्गात येताना सामानातली एक मुख्य वस्तू मागे राहिली. वकिलीच्या विद्यार्थ्याला जी केस वाचायला मिळते तिच्यात न्यायाधीशांचा निवाडा असतो. कोण जिंकलं, का जिंकलं, कुठला युक्तिवाद फेकला गेला, हे सगळं छापलेलं असतं. त्याचं काम निवाड्याच्या मागे जाऊन विचार तपासायचं. धंद्याच्या केसमध्ये शेवटच्या पानावर नायक बुचकळ्यात पडलेला असतो, उद्या सकाळी संचालकांची बैठक असते आणि तिथेच मजकूर संपतो. पुढच्या पानांवर परिशिष्टं. म्हणजे आपण उसनी आणलेली गोष्ट साक्षीपुराव्यांसकट आणली आणि निकालपत्र तेवढं टाकून दिलं.

निकाल नसण्याचा पहिला परिणाम विद्यार्थ्याच्या स्वभावावर होतो. वर्गात बोलण्याला गुण असतात, ज्याला ते लाडानं ‘सीपी’ म्हणतात. आणि बोललेलं पुढे खरं ठरलं का, याला गुण नसतात, कारण पुढे काही घडतच नाही. त्यामुळे आत्मविश्वास ही एकमेव वस्तू वर्गात सर्वांकडे सारखी असते. दुसरा परिणाम एक्सेलच्या तक्त्यावर होतो. गुंतवणुकीचा निर्णय घेताना पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत येणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा, त्यातून आजची गुंतवणूक वजा करायची, उरलेलं शून्याच्या वर असेल तर हो, खाली असेल तर नाही. यालाच एनपीव्ही म्हणतात आणि यात चूक काही नाही. गोम आहे ती भविष्यातला पैसा आजच्या किमतीत आणणाऱ्या दरात, म्हणजे डिस्काउंट रेटमध्ये. तो ९ टक्के धरला तर प्रकल्प बाळसं धरतो, १२ धरला तर दगावतो. मुलगा पसंत पडला की पत्रिकेतले गुण जुळतात आणि नकोसा असला की मंगळ निघतो, हे ज्या समाजाला ठाऊक आहे त्याला डिस्काउंट रेटचं मर्म वेगळं समजावून सांगायला नको. विद्यार्थी आधी ठरवतो की, समजा, जहाज घ्यायचं, मग दर शोधतो. लबाडी म्हणून नव्हे. त्याला कधीच कुणी, त्या दरानं पुढे काय झालं, हे दाखवलेलं नसतं, म्हणून.

जहाजाचा विषय निघालाच आहे तर ‘ओशन कॅरियर्स’ ही केस पाहू. हार्वर्डचीच, आणि फायनान्सच्या वर्गांत बटलर यांच्याइतकीच लाडकी. काळ जानेवारी २००१. जहाज कंपनीच्या वित्त विभागाच्या उपाध्यक्ष मेरी लिन यांच्यापुढे प्रश्न आहे: १ लाख ८० हजार टनी केपसाइज जहाज बांधून घ्यायचं का? या जातीचं जहाज तेव्हा पनामा कालव्यात मावत नसे, म्हणून ते खंडाच्या टोकाला वळसा घालून जाई. त्याच्या पोटात लोहखनिज आणि कोळसा. किंमत ३ कोटी ९० लाख डॉलर, ताबा २००३च्या सुरुवातीला. एक गिऱ्हाईक तीन वर्षांसाठी दिवसाला २० हजार डॉलर भाडं द्यायला तयार. पुढचं भाडं किती, याचा अंदाज सल्लागारांनी तक्त्यात दिलेला. तोही याच आकड्याच्या आसपास, वर्षाला थोडा थोडा सरकणारा. भांडवलाचा दर ९ टक्के. कंपनी पंधरा वर्षांहून जुनी जहाजं ठेवत नाही, तिची कार्यालयं न्यूयॉर्क आणि हाँगकाँग अशी दोन. विद्यार्थी बसतो, तक्ता मांडतो आणि मध्यरात्रीच्या सुमाराला त्याला शोध लागतो: अमेरिकी कर भरला तर जहाज तोट्यात, हाँगकाँगला, जिथे हा कर नाही, तिथे नेलं आणि पंधराऐवजी पंचवीस वर्षं चालवलं तर नफ्यात. वर्गात सगळा वाद या दोन बटणांवर. कर आणि म्हातारपण. जहाज म्हातारं झालं तरी टाकू नका आणि बिऱ्हाड हाँगकाँगला हलवा, हा निष्कर्ष घेऊन मुलं बाहेर पडतात.

आता निकाल. २००३नंतर चीनमध्ये पोलादाचे कारखाने असे काही धडाडले की ब्राझीलचं, ऑस्ट्रेलियाचं आणि आपल्या गोव्याचंही लोहखनिज न्यायला जहाजं पुरेनात. गोव्यात तर पूर्वी कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं असं कमी प्रतीचं खनिज, खाणीशेजारी टाकून दिलेल्या ढिगांतून उचलून चीनला गेलं. २००८च्या उन्हाळ्यात केपसाइज जहाजाचं भाडं दिवसाला दोन लाख डॉलरच्याही वर पोचलं. म्हणजे मेरी लिन यांच्या तक्त्यातल्या आकड्याच्या दहापट. गिऱ्हाइकाचा तीन वर्षांचा करार २००६ला संपणार होता, त्यामुळे जहाज नेमकं तेजीच्या तोंडावर मोकळं झालं असतं. न्यूयॉर्कचा कर, हाँगकाँगची माफी, पंधरा की पंचवीस, हे सगळे वाद त्या भाड्यात वाहून गेले असते. जहाजाची किंमत दोन-तीन वर्षांत वसूल. ज्यानं रात्रभर जागून ‘घेऊ नये’ असं सिद्ध केलं त्याचं गणित बिनचूक होतं आणि उत्तर साफ चुकलं. पण घाई नको, कथा अजून संपलेली नाही. सुक्या मालाच्या जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक निर्देशांक २० मे २००८ रोजी ११,७९३ होता. त्याच वर्षी ५ डिसेंबरला तो ६६३ झाला. तेजीत हुरळून ज्यांनी दुपटीहून जास्त किमतीला तशीच जहाजं मागवली त्यांना ती बांधून मिळाली तेव्हा भाडं बुडालेलं होतं. त्यांच्याही तक्त्यात एनपीव्ही शून्याच्या चांगलीच वर असणार, याबद्दल पैज लावायला हरकत नाही. एकाच जहाजानं दोन पिढ्यांना खोटं पाडलं: आधीच्यांना भ्यायल्याबद्दल, नंतरच्यांना न भ्यायल्याबद्दल. आणि या सगळ्यातलं काहीही शेवटच्या पानावर थांबणाऱ्याला कळत नाही. त्याला कर आठवतो.

इथे जाणकार मंडळी घसा साफ करतात. निकालावरून निर्णय जोखणं हे अडाणीपणाचं, असं ते म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. चांगला निर्णय नशिबानं फसतो, गाढवपणा नशिबानं फळतो. लॉटरी लागलेल्या माणसाला गुंतवणूक सल्लागार नेमत नाहीत. (काही वाहिन्या नेमतात, तो भाग वेगळा.) २००१ साली बसून चीनची भूक कुणाला दिसणार होती? मागाहून सगळेच शहाणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच निकाल दाखवायला हवा, असं माझं म्हणणं आहे. निकाल पाहायचा तो मेरी लिन यांना पास-नापास करायला नव्हे. तक्त्यातली कुठली ओळ खोटी ठरली आणि वर्गातला वेळ कुठल्या ओळीवर गेला, हे ताडून पाहायला. जहाजाच्या तक्त्यात करावर तासभर चर्चा होते, कारण कर नेमका असतो आणि नेमक्या गोष्टीवर बोलताना माणूस हुशार दिसतो. भाडं अनिश्चित, म्हणून ते सल्लागारांच्या आकड्यावर सोडून दिलं जातं. सगळा पैसा त्या सोडून दिलेल्या ओळीत होता. त्याच केसमध्ये भारतातून लोहखनिजाची निर्यात वाढेल असं वाक्य आहे. मुलं त्याखाली रेघ मारतात आणि पुढच्या परिशिष्टाकडे वळतात. भविष्य दिसत नाही हे खरं, पण कुठल्या ओळीत ते दडून बसण्याची सवय आहे, एवढं शिकता येतं. ते शिकायला एक निकाल पुरत नाही, बरेच लागतात. न्यायालयांना निवाड्यांचे खंडच्या खंड छापावे लागतात, त्याचं कारण हेच.

‘मॅरियट’ची केस थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हॉटेलं, खानपानसेवा आणि उपाहारगृहं असे तीन धंदे असलेल्या कंपनीनं १९८८ साली प्रत्येक धंद्याला वेगळा भांडवली दर लावावा की सगळ्यांना एक, हा तिचा प्रश्न. विद्यार्थी दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत उत्तर काढतात आणि हॉटेलं इतर धंद्यांपेक्षा किती जास्त कर्ज पेलू शकतात, याचं कौतुक करतात. चारच वर्षांत, ऑक्टोबर १९९२मध्ये, मालमत्तेचा बाजार बसल्यावर कंपनीनं स्वतःचे दोन तुकडे करायचं जाहीर केलं: हॉटेलं चालवण्याचा धंदा एकीकडे, इमारती आणि बहुतेक कर्ज दुसरीकडे. रोखेधारकांनी आकांत केला. दशांशानंतरची दोन घरं कुणाच्याही कामी आली नाहीत. फायनान्सच्या वर्गात ही दुसरी घटना वेगळी केस म्हणून, वेगळ्या सत्रात, बहुधा वेगळ्या प्राध्यापकांकडे शिकवली जाते. एकाच माणसाचं लग्न आणि घटस्फोट दोन निरनिराळ्या विभागांत नोंदवावेत तशी ही सोय.

पण मराठी वाचकाला जहाजं नि हॉटेलं कशाला हवीत? हार्वर्डनं १९९६च्या सुमाराला आपल्या दारातली केस लिहिली आहे: अमेरिकेची ऊर्जा कंपनी एन्रॉन आणि महाराष्ट्रातला दाभोळ वीज प्रकल्प. गंमत म्हणजे दाभोळ वाशिष्ठी खाडीच्या एका काठाला, प्रकल्प दुसऱ्या काठाला, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला. नावातलं गावसुद्धा गृहीत धरलेलं. सामंजस्य करार झाला जून १९९२मध्ये. जागतिक बँकेनं १९९३च्या एप्रिलात सांगितलं की हे आर्थिकदृष्ट्या झेपणारं नाही, आम्ही पैसे देणार नाही. तरी त्याच वर्षाच्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी खरेदी करार झाला. १९९५च्या निवडणुकीत प्रकल्प समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली, नव्या सरकारनं ऑगस्टमध्ये तो रद्द केला आणि जानेवारी १९९६ उजाडेपर्यंत पुन्हा मान्यही केला. वाटाघाटीत युनिटचा दर खाली आणला आणि त्या आनंदात आधी ऐच्छिक असलेला दुसरा टप्पाही बांधील करून घेतला. स्वस्त पडतंय म्हणून दुप्पट-तिप्पट घ्यायचं, हे बाजारात आपण सगळेच करतो, फक्त तिथे मेगावॉट नसतात. भारतीयांना प्रकल्प समजावून देण्याच्या ‘शिक्षणा’वर नि पूर्वतयारीवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले, असं एन्रॉनच्या अधिकारी लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं. एमबीएची फी जास्त वाटणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

एन्रॉनच्या बाजूनं तक्ता मांडला तर तो डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. इंधन महागलं तर दर वाढणार. रुपया घसरला तर भार मंडळावर. वीज कुणी घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे द्यावेच लागणार. मंडळ चुकलं तर राज्य सरकारची हमी, राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. पाठ्यपुस्तकातली प्रत्येक जोखीम एकेक करून दुसऱ्याच्या अंगावर घातलेली, त्यामुळे कंपनीच्या तक्त्यात जोखीम अशी उरलीच नाही. परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. फक्त एक प्रश्न तक्त्यात कुठल्याच रकान्यात बसत नव्हता: या सगळ्या जोखमी ज्याच्या अंगावर घातल्या त्याला उभं राहता येतंय का? अंगावर घातलेली जोखीम नाहीशी होत नसते, ती तिथे साठत जाते. पहिला टप्पा मे १९९९मध्ये सुरू झाला. मंडळ आधीच तोट्यात. वीज महाग म्हणून मंडळानं ती कमी घ्यायला सुरुवात केली. पण क्षमतेचे पैसे ठरलेले, ते थोड्या युनिटांवर वाटले गेले, म्हणून युनिट आणखी महाग. म्हणून मंडळानं आणखी कमी घेतली. २००० साली काही महिन्यांत युनिट सात रुपयांच्या वर गेलं. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, तो २००१मध्ये ४७च्या जवळ. वाटाघाटीनंतर मंडळाला प्रकल्पात भागही मिळालेला, त्यामुळे मालक तेच, गिऱ्हाईक तेच आणि थकबाकीदारही तेच, असा त्रिवेणी संगम साधला गेला. मे २००१च्या अखेरीस प्रकल्प बंद पडला. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉननं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याआधी ‘फॉर्च्यून’ या नियतकालिकानं सलग सहा वर्षं तिला अमेरिकेतली सर्वांत कल्पक कंपनी ठरवलं होतं. कंपनीचे काही महिने प्रमुख राहिलेले जेफ्री स्किलिंग हार्वर्डचे १९७९चे एमबीए, दाभोळची बोलणी करणाऱ्या रेबेका मार्क १९९०च्या. रात्रभर केस सोडवणारी हुशार मुलं बाहेर पडून स्वतःच केस झाली, एवढं सातत्य दुसऱ्या कुठल्या शिक्षणपद्धतीत सापडेल?

यावर कुणी म्हणेल, दाभोळ हा फायनान्सचा विषयच नव्हे. ते राजकारण होतं, आणि एन्रॉन बुडाली ती हिशेबातल्या लबाडीनं. लबाडीचं खरं आहे. पण लबाडी उघडी पडण्याआधी, मे महिन्यातच, गुहागरची चिमणी थंड झाली होती. आणि राजकारण म्हणाल तर ज्या करारात एकुलतं एक गिऱ्हाईक सरकारी मंडळ आहे आणि हमी सरकारची आहे, तिथे राजकारण हाच रोकडप्रवाह असतो. त्याला परिशिष्टात जागा नाही, ही परिशिष्टाची उणीव. भांडवलाचा दर काढताना अमेरिकी रोख्यांचं व्याज चार दशांशांपर्यंत घ्यायचं आणि वीजबिल भरणाऱ्या महाराष्ट्राला ‘इतर घटक’ म्हणून एका ओळीत गुंडाळायचं, याला फायनान्स म्हणत असतील तर तो विषय सोपा आहे.

दुसरा आक्षेप प्राध्यापकांचा. निकाल आम्ही सांगतोच, असं ते म्हणतात; मुख्य केस ‘ए’ असते, पुढची हकीकत ‘बी’ आणि ‘सी’मध्ये असते. असते, खरं आहे. पण ‘बी’ची झेरॉक्स तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत वाटतात. तोवर बोलण्याचे गुण वाटून झालेले असतात आणि अर्ध्या वर्गानं पिशव्या आवरलेल्या असतात. शिवाय ‘बी’ आणि ‘सी’ वर्ष-दोन वर्षं पुढे जाऊन थांबतात, आणि पंचवीस वर्षांच्या प्रकल्पाची परीक्षा दुसऱ्या वर्षी होत नसते. दाभोळच्या केसेस लिहिल्या गेल्या तेव्हा तिथून एक युनिट वीज निघालेली नव्हती. त्या वेळी वाचणाऱ्याला ती वाटाघाटींच्या विजयाची गोष्ट वाटली असेल तर त्याचा दोष नाही. तिसरा आक्षेप विद्यार्थ्यांचा: इतक्या जुन्या केसेस घेऊन काय करायचं, आता स्टार्टअपचा जमाना आहे. त्यांनी वखारीकडे एकदा पुन्हा बघावं. दहा मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपनीचा ताळेबंद उघडला की विक्री फुगलेली आणि रोकड आटलेली दिसते. फरक एवढाच की बटलर यांना निदान ४४ हजारांचा नफा होता.

म्हणून मागणी साधी आहे. बाकीच्या केसेस खुशाल ताज्या शिकवा, पण वित्ताच्या प्रत्येक अभ्यासक्रमात निदान एक केस वीस वर्षं शिळी झालेली असू द्या आणि तिच्यावरचे निम्मे गुण पुढे काय झालं यासाठी ठेवा. मुलांना जुना तक्ता द्या, नंतरचे वार्षिक अहवाल द्या आणि विचारा की कुठली ओळ खोटी ठरली, ती त्या दिवशी कुणी वाचली होती, वाचली असेल तर कुणी गप्प बसवलं. महाराष्ट्रातल्या कॉलेजांना त्यासाठी बोस्टनहून काही मागवावं लागणार नाही. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं दाभोळबद्दल एप्रिल २००१मध्ये सरकारला दिलेला अहवाल उपलब्ध आहे आणि त्यात आकडे आहेत, तर्क आहे, रागही आहे. बंद पडलेला प्रकल्प २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपन्यांच्या संयुक्त कंपनीकडे गेला. त्याचे पुढचे ताळेबंदही मिळतात. प्राध्यापक महाराज, सत्राच्या शेवटच्या आठवड्यात प्रोजेक्टर बंद करा, अहवालाच्या प्रती वाटा आणि मुलांना घेऊन निघा. पुण्याहून गुहागरला एसटी जाते.